बोंडअळीला बीटीची ‘सवय झाली’, हे उत्तर चूक कसे ते मुलांना समजवायचे आहे

प्रश्नकर्ते : गुरुजी, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात दहावीला विज्ञान शिकवतो. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे आणि आजवर मी तो जिराफाच्या मानेवरूनच शिकवत आलो. आमच्या मुलांनी जिराफ चित्राबाहेर कधी पाहिलेला नाही. उलट वर्गातल्या बहुतेकांच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आहे. म्हणून यंदा गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्यायचे ठरवले.

एका मुलीने घरच्या वावरातून चार-पाच हिरवी बोंडे आणली होती. बाहेरून त्यांच्यावर काहीच दिसत नव्हते. एक बोंड ब्लेडने उभे कापले, तर तीन कप्पे स्वच्छ निघाले आणि चौथ्यात पिवळा पडलेला ओलसर कापूस, एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या आणि त्यांच्या मधोमध करंगळीच्या नखाएवढी गुलाबी अळी होती. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. इथपर्यंत सारे ठीक होते.

पुढे चाचणीत मी विचारले की, बीटी कपाशीवर, म्हणजे अळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीवर, ही अळी आता का मरत नाही. त्याच मुलीने लिहिले, “बीटीचे विष रोज थोडे थोडे खाऊन अळीला त्याची सवय झाली.” मी गुण दिले नाहीत. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “गुरुजी, माझे बाबा हेच म्हणतात, कृषी केंद्रावरही हेच म्हणतात.” आयुष्यात कमावलेला बदल पिल्लांत उतरतो, हा लॅमार्कचा विचार झाला, निसर्गाच्या निवडीचा डार्विनचा विचार वेगळा आहे, असे मी सांगितले. त्यावर तिने विचारले, “पण अळी मरत नाही हे दोन्हींत सारखेच आहे, मग फरक कशात पडला?” मला नीट उत्तर देता आले नाही आणि ती गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरच्या मुलाचा. “अळी होती ती अळीच राहिली, तिचे दुसरे काही झाले नाही, मग याला उत्क्रांती कशी म्हणायची?” दोन्ही प्रश्नांवर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : कीटकशास्त्राची अभ्यासक, वर्धा

गुरुजी, मुलीचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे लांबीने लिहिते.

‘सवय’ हा शब्द एका शरीरापुरता असतो. डवरणी करून करून माणसाच्या हाताला घट्टे पडतात, ही त्या हाताची सवय झाली. पण त्याच्या घरी जन्मलेल्या लेकराचे हात मऊच असतात. बोंडअळीच्या बाबतीत असे घट्टे पडलेच नाहीत. बीटीची प्रथिने खाऊन जी मरणारी होती ती मरून गेली, आणि जिच्यावर त्यांचा परिणाम होत नव्हता तिच्यावर तो अंड्यातून बाहेर आली त्या दिवसापासूनच होत नव्हता. म्हणजे एकही अळी आपल्या आयुष्यात बदलली नाही. बदलले ते त्या वावरातले, त्या तालुक्यातले दोन प्रकारच्या अळ्यांचे प्रमाण. उत्क्रांती होते ती समूहाची, एकट्यादुकट्या जीवाची नव्हे, आणि पिढ्यांगणिक समूहातले जनुकांचे प्रमाण बदलत जाणे हाच तिचा पाया आहे. हे एक वाक्य मुलांच्या मनात पक्के बसले, तर बाकीचा पाठ त्यांना स्वतःहून उलगडेल.

आता त्या अळीच्या पोटात काय घडते ते पाहू. बीटीचे जनुक मातीतल्या एका जिवाणूकडून घेतलेले आहे. त्यापासून कपाशीत तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्यात गेले की तिथल्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटते, पेशींना भोके पडतात आणि अळी खाणे सोडून मरते. कुलूप आणि किल्लीसारखे हे आहे. काही अळ्यांच्या जनुकात पूर्वीच कधीतरी लहानसा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, होऊन ते कुलूप बिघडलेले असते, त्यामुळे किल्ली त्यात बसतच नाही. बीटी कपाशी नव्हती तेव्हा या बिघाडाचा त्या अळीला काहीच फायदा नव्हता. बीटी आली आणि तोच बिघाड तिला तारून गेला.

हा बदल विषाच्या आधीपासून होता हे कशावरून, असे मुले विचारतील आणि त्यांनी ते विचारायलाच हवे. त्यांना जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याचा १९५२ सालचा प्रयोग सांगा. त्यांनी एका बशीत जिवाणूंच्या असंख्य वसाहती वाढवल्या, तिच्यावर मखमलीचे कापड अलगद दाबले आणि तोच ठसा औषध घातलेल्या दुसऱ्या बशांवर उमटवला. औषधाच्या प्रत्येक बशीत जिवाणू जगले ते नेमक्या त्याच जागी. मग ते मूळ बशीकडे वळले. तिला औषधाचा स्पर्शही झालेला नव्हता, तरी तिच्यातल्या त्याच जागेवरचे जिवाणू औषधाला दाद न देणारे निघाले. औषधाने त्यांना घडवले नव्हते. आधीच असलेले तेवढे वेचून बाजूला काढले होते. ‘निवड’ हा शब्द इथे शब्दशः लागू पडतो.

आता फरक कशात पडतो ते. खरोखर सवय झाली असती, तर औषध बदलून पाहा, मात्रा वाढवा, थोडे दिवस थांबा, असे उपाय चालले असते. निवड होत असेल, तर उपाय अगदी उलटा निघतो : मरू शकणाऱ्या अळ्या मुद्दाम जगवाव्या लागतात. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीचे १२० ग्रॅमचे पाकीट येत असे ते याच कारणासाठी. बीटीच्या चहूबाजूंनी बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे लावायचे होते.

यामागचा हिशेब मुलांना फळ्यावर करता येईल. बिघडलेल्या कुलुपाचा गुण अप्रभावी आहे, म्हणजे अळीला तो आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच ती बीटीवर तगते. एकाच बाजूने मिळाला तर मरते. समजा, १,००० जनुकांत एक बिघडलेले आहे. मग दोन्ही बाजूंनी बिघडलेली अळी १,००० गुणिले १,०००, म्हणजे १० लाखांत एक निघेल. सगळीकडे फक्त बीटीच असेल, तर जगून पतंग झालेल्या अशा मोजक्या अळ्या आपापसांतच जोडीदार शोधतात आणि त्यांची सगळी पिल्ले तगणारी निघतात. शेजारी बिगर-बीटीच्या ओळी असतील, तर तिथून उडालेल्या भरपूर साध्या पतंगांशी त्यांचे मीलन होते, पिल्लांना तो गुण एकाच बाजूने मिळतो आणि ती बीटीवर मरतात. मेंडेलच्या वाटाण्यांचा तक्ता शिकवताना हे उदाहरण घेतले, तर तो तक्ता कशासाठी शिकायचा हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

काळाचाही अंदाज द्या. आपल्याकडे बीटी कपाशीला परवानगी २००२ मध्ये मिळाली आणि दोन जनुकांची बीटी २००६ मध्ये आली. पहिल्या जनुकाला न जुमानणारी बोंडअळी २००८ ते २०१० च्या दरम्यान गुजरातेत नोंदली गेली, पुढे दोन्ही जनुकांना न जुमानणारीही तिथेच आढळली, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे काय केले ते तुमच्या वर्गातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पंधरा वर्षे हा काळ आपल्याला थोडा वाटतो. पण बोंडअळीची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. एका हंगामात चारच पिढ्या धरल्या तरी पंधरा हंगामांत ६० पिढ्या झाल्या. माणसाच्या ६० पिढ्या मोजायच्या, तर सुमारे १,५०० वर्षे मागे, नगरधनला वाकाटकांची राजधानी होती त्या सुमारास जावे लागेल.

उत्तर २ : कास्तकार, दर्यापूर तालुका

ताईंचे उत्तर दोनदा वाचले. त्या १२० ग्रॅमच्या पाकिटाबद्दल मला लिहायलाच हवे, कारण ते पाकीट माझ्या हातातून गेलेले आहे.

आमच्या भागात ते पाकीट कोणी धुऱ्यावर फेकले, कोणी त्यातली सरकी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरली. मीही तेच केले. बियाणे विकणाऱ्याने त्याचा उपयोग कधी सांगितला नाही, आणि आपणच पैसे मोजून घेतलेल्या वावरात अळीसाठी पाच ओळी सोडायच्या, हे मनाला पटणारेही नव्हते. आज हा जोडीदाराचा हिशेब वाचला, तेव्हा त्या पाच ओळी अळीला दिलेले दान नव्हते, माझ्याच उरलेल्या पिकाची राखण होती, हे लक्षात आले. हे जर मला २००५ साली कोणी अशा शब्दांत समजावले असते, तर मी त्या ओळी नक्की पेरल्या असत्या. म्हणून गुरुजी, तुम्ही हे दहावीच्या पोरांना शिकवत आहात याचे मोल मोठे आहे. त्यांतली निम्मी उद्या वावरातच येणार आहेत.

माझी एक शंका आहे. नव्वदीच्या दशकात आमची पऱ्हाटी खाऊन टाकली ती हिरव्या अमेरिकन बोंडअळीने, आणि त्या वेळच्या फवाऱ्यांना ती अजिबात दाद देत नव्हती. बीटी आल्यावर ती गेली आणि बीटीला तिने गुलाबीसारखे हरवल्याचे मला दिसले नाही. वावर तेच, विष तेच, बिगर-बीटीच्या त्या आश्रयाच्या ओळी तिच्यासाठीही कोणी पेरल्या नव्हत्या. मग एक अळी तगली आणि दुसरी नाही, असे का व्हावे?

उत्तर ३ : कीटकशास्त्राची अभ्यासक, वर्धा

काका, तुम्ही विचारले ते या सगळ्या विषयातले सर्वांत शिकण्याजोगे आहे. आश्रयाच्या ओळी तिच्यासाठी पेरलेल्या होत्या, फक्त त्या कपाशीच्या नव्हत्या. हिरवी बोंडअळी म्हणजेच हरभऱ्यावरची घाटेअळी. ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, ज्वारीच्या कणसात आणि टमाट्यातही जगते, आणि यांपैकी कशातही बीटी नाही. तुम्ही कपाशीत तुरीच्या ओळी टाकल्या तेव्हा नकळत तिच्यासाठी आश्रयच उभा केला. तिथून येणाऱ्या साध्या पतंगांनी तगणाऱ्यांचे प्रमाण वाढू दिले नाही. गुलाबी बोंडअळीचे पोट मात्र जवळजवळ फक्त कपाशीवरच भरते. सगळी कपाशी बीटी झाली, तेव्हा तिच्या समूहातल्या जवळपास प्रत्येक अळीला त्या एकाच चाळणीतून जावे लागले.

त्यात आपल्याकडच्या आणखी दोन गोष्टींची भर पडली. आपली बीटी कपाशी संकरित आहे, म्हणून झाड बीटी असले तरी त्याच्या बोंडातली प्रत्येक सरकी बीटी नसते. एका जनुकापुरते पाहिले, तर साधारण चार सरक्यांत एक त्याच्याविना निघते. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते, त्यामुळे एकाच बोंडात तिला विष असलेला आणि नसलेला असे दोन्ही घास मिळतात, आणि एकाच बाजूने गुण मिळालेली जी अळी मरायला हवी होती तीही कधीकधी वाचते. दुसरी गोष्ट फरदडीची. जानेवारीनंतरही पऱ्हाटी उभी ठेवली, तर झाडातले बीटी प्रथिन कमी झालेले असते आणि अळीला जास्तीच्या पिढ्या मिळतात. अमेरिकेत १९९६ पासून बीटी कापूस आहे. तिथल्या ॲरिझोना राज्यात कास्तकारांनी आश्रयाच्या ओळी नेमाने पेरल्या, पुढे वांझ केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडले गेले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

उत्तर ४ : वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, अमरावती

मागच्या बाकावरच्या मुलाच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

त्याचे निरीक्षण बरोबर आहे. अळी अळीच राहिली आणि ६० पिढ्यांत याहून वेगळे काही होईल अशी अपेक्षा कोणी जीवशास्त्रज्ञ करणारही नाही. एका जातीच्या पोटी एकाएकी दुसरी जात जन्मते, असे उत्क्रांतीचे म्हणणे नाही. एकाच जातीचे दोन गट डोंगराने, नदीने किंवा लांबच्या अंतराने एकमेकांपासून तुटतात, दोन्हींत वेगवेगळे लहान बदल साठत जातात, आणि पुष्कळ काळाने ते पुन्हा समोरासमोर आले तरी त्यांची संतती होत नाही किंवा झाली तर वांझ निघते. तेव्हा आपण त्यांना दोन प्रजाती म्हणतो. ‘माणूस माकडापासून झाला’ या बोलण्यातली चूकही इथेच आहे. आजची माकडे आपले पूर्वज नाहीत, भाऊबंद आहेत. चुलत भाऊ आजोबांचा नातू असतो, तो आपला आजोबा नसतो.

पण या मुलाला नवी प्रजाती डोळ्यांनी पाहायची असेल, तर त्याला वावरातल्या पऱ्हाटीकडेच पाहायला सांगा, अळीकडे नको. वऱ्हाडात पूर्वी सर्रास आणि आजही खारपाणपट्ट्यात कुठे कुठे दिसणाऱ्या गावरानी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. ज्या अमेरिकन कपाशीपासून आजचे संकरित बीटी वाण झाले, तिच्यात ५२ असतात. हे दुप्पट होणे योगायोगाचे नाही. साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी आपल्या गावरानी कपाशीच्या कुळातल्या एका झाडाचा अमेरिका खंडातल्या एका रानटी कपाशीशी संकर झाला आणि त्या संकराची गुणसूत्रे दुप्पट झाली. त्यातून आलेली वंशावळ आज जगभरच्या वावरांत उभी आहे. तिच्या ५२ गुणसूत्रांपैकी २६ ची ठेवण आजही गावरानी कपाशीशी जुळते आणि उरलेल्या २६ ची त्या रानटी कपाशीशी. दोन घराण्यांच्या खुणा एकाच पेशीत शेजारी शेजारी सापडतात. मी विद्यार्थ्यांना दोन्हींची फुले आणि पाने शेजारी ठेवून दाखवत असे. गावरानीचे पान बोटांसारखे खोल चिरलेले आणि अरुंद असते, अमेरिकनचे पसरट. दोन्हींचा आज संकर केला, तर २६ चे निम्मे १३ आणि ५२ चे निम्मे २६ मिळून ३९ गुणसूत्रांचे झाड तयार होते. ३९ च्या सरळ जोड्या लागत नाहीत, त्यामुळे ते झाड वांझ निघते. प्रजाती वेगळ्या आहेत याचा इतका मोजता येण्याजोगा पुरावा खेड्यातल्या शाळेला दुसरा मिळणार नाही.

एक पुरवणी जोडतो. गुणसूत्रे दुप्पट होऊन प्रजाती बनणे वनस्पतींत बऱ्याचदा घडते, प्राण्यांत क्वचित. म्हणून हाच एकमेव मार्ग आहे, असा मुलांचा समज होऊ देऊ नये. तसेच वर्ध्याच्या ताईंनी निवडीवर भर दिला तो बोंडअळीच्या संदर्भात योग्यच आहे, पण जनुकांचे प्रमाण निव्वळ योगायोगानेही बदलते, विशेषतः समूह लहान असेल तेव्हा. पुरात गावातले दहाच बैल वाचले आणि त्यांतले सात तांबडे निघाले, तर पुढच्या वासरांत तांबडा रंग वाढेल; तांबड्या बैलांना पोहणे चांगले येत होते, असा त्याचा अर्थ होत नाही.

प्रश्नकर्ते : गुरुजी, यवतमाळ जिल्हा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल वर्गात मी एक खेळ करून पाहिला, तो इथे नोंदवतो.

शाळेच्या आवारात काळ्या मातीचा एक चौकोन आखला, त्यात ज्वारीचे ९० आणि उडदाचे १० दाणे विखुरले. चार मुलांना चिमण्या व्हायला सांगितले. वीस अंक मोजेपर्यंत दिसतील तेवढे दाणे वेचायचे आणि मग मातीत उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच रंगाचा एक दाणा वाढवायचा, अशा पिढ्या केल्या. काळ्या मातीवर पांढरी ज्वारी लगेच डोळ्यांत भरते, उडीद मात्र हाताने चाचपडूनही सापडत नाही. चौथ्या पिढीला चौकोनात जिकडेतिकडे उडीदच उडीद झाला. तेव्हा मी विचारले, ज्वारीच्या एखाद्या दाण्याने रंग बदलला का? काही वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच मुलीने वही काढली, ‘सवय झाली’ हे शब्द खोडले आणि त्यांच्या जागी लिहिले, “ज्या मरत नव्हत्या, त्यांचीच पिल्ले झाली.” तिला मी पूर्ण गुण दिले.

घरी जाताना तिने आणखी एक प्रश्न विचारला आणि तो मी जसाच्या तसा पुढे ठेवतो. चौकोनात काळ्या मातीऐवजी पांढरी रेती पसरली, तर ज्वारी पुन्हा वाढेल का? म्हणजे काही वर्षे बीटी पेरलीच नाही, तर मरणाऱ्या अळ्या परत येतील का?

उत्तर ५ : कीटकशास्त्राची अभ्यासक, वर्धा

तिला सांगा की, हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली, पांढऱ्या रेतीवर उडीद खरेच उठून दिसायला हवा. म्हणजे बिघडलेल्या कुलुपाचा अळीला बीटी नसताना काही तोटा व्हायला हवा. अमेरिकेत प्रयोगशाळेत पाळलेल्या गुलाबी बोंडअळ्यांत असा तोटा दिसलेला आहे. बीटीवर तगणाऱ्या अळ्या साध्या कपाशीवर इतरांच्या मानाने कमी जगल्या. तोटा असेल, तर निवड उलट्या दिशेने चालू लागते, मात्र तोटा जेवढा लहान तेवढ्या जास्त पिढ्या लागतात.

दुसरी गोष्ट तिने स्वतः करून पाहावी. रेती पसरण्याआधी चौकोनातले दाणे मोजून घ्या. ज्वारीचे दोन-चार दाणे उरले असतील, तर त्यांची संख्या पुन्हा वाढताना दिसेल. पण शेवटच्या पिढीत ज्वारीचा एकही दाणा उरलेला नसेल, तर कितीही रेती पसरली आणि कितीही पिढ्या केल्या, तरी चौकोनात उडीदच राहील. दोन वेगळे चौकोन आखून दोन्ही प्रकार शेजारी शेजारी करा आणि प्रत्येक पिढीचे आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या.